दोऱ्याच्या नसा, भाग ३: निळा दोरा पुढे कसा आला?

कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं ओवणं एकदाचं संपलं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मोजमापाने माणसाएवढा असलेला प्लॅस्टिकचा कमरेचा सांगाडा, त्याला जोडलेला उजवा पाय आणि नसांसाठी (रक्ताच्या नव्हे, मज्जातंतूंसाठी) भरतकामाचा दोरा. सुरुवातीला तांब्याची तार घेतली होती. पण तार वाकवाल तशी राहते, त्यामुळे नस चुकीच्या वाटेने नेली तरी कळत नाही. दोरा लगेच चुगली करतो. वाट चुकली की तो कुठेतरी ताणला जातो नाहीतर लोंबतो.

या वेळी रंगांचा नियम बदलला. आधी प्रत्येक मुळीला, म्हणजे मणक्यांतून निघणाऱ्या नसेच्या सुरुवातीच्या भागाला, वेगळा रंग होता आणि सगळी रंगपंचमी झाली होती. प्लेक्ससमधल्या, म्हणजे नसांच्या जाळ्यातल्या, बहुतेक मुळ्या पुढचा आणि मागचा अशा दोन फाट्यांत विभागतात. म्हणून आता दोनच रंग. पुढच्या फाट्याला पिवळा, मागच्या फाट्याला निळा. मुळीचा नंबर दोऱ्याच्या टोकाला कागदाच्या चिठ्ठीवर.

एल२, एल३ आणि एल४ या तीन मुळ्यांचे (एल म्हणजे कमरेचे मणके) निळे दोरे एकत्र आले की मांडीच्या पुढची फिमोरल नस, त्याच तिघींचे पिवळे एकत्र आले की मांडीच्या आतली ऑब्च्युरेटर. सोआस हा कमरेच्या मणक्यांपासून मांडीकडे जाणारा स्नायू मी स्पंजचा केलाय, कारण ही सगळी जुळणी त्याच्या पोटातच होते. फिमोरल त्याच्या बाहेरच्या कडेने निघते, ऑब्च्युरेटर आतल्या कडेने. मी पहिल्यांदा दोन्ही बाहेरून काढल्या. मग ऑब्च्युरेटरला कटीच्या पोकळीत न्यायला वाटच उरेना, मधे स्पंज आडवा. दोन संध्याकाळचं काम उसवलं. चित्रात पाहून ‘आतली कडा’ पाठ करणं वेगळं आणि सुई अडल्यावर समजणं वेगळं.

सायटिकला, म्हणजे कुल्ल्यातून पायाच्या मागे उतरणाऱ्या जाड नसेला, मात्र मजा आली. एल४ ते एस३ (एस म्हणजे कमरेखालचं त्रिकास्थी हाड; एल५ नंतर एस१ येते) अशा पाच मुळ्यांचे पाच पिवळे दोरे, ती टिबियल. एल४ ते एस२ चे चार निळे, ती कॉमन फिब्युलर. दोन्ही जुडगे पीळ न देता शेजारी ठेवून वरून पातळ मलमलीची पट्टी गुंडाळली. म्हणजे सायटिक ही एक नस नव्हेच, एका म्यानातल्या दोन नसा. बहुतेकांत त्या मांडीच्या खालच्या भागात, गुडघ्याच्या थोडं वर वेगळ्या होतात. काहींत त्या वरच वेगळ्या झालेल्या असतात आणि निळी थेट पिरिफॉर्मिस या कुल्ल्यातल्या स्नायूतून आरपार जाते. मी नेहमीचीच मांडणी ठेवली, दोघी पिरिफॉर्मिसच्या खालून. जाडीत मात्र फसगत झाली. खरी सायटिक सुरुवातीला जवळपास २ सेंमी रुंद आणि चपटी असते, माझी जेमतेम पेन्सिलीएवढी. पुढच्या वेळी लोकर.

सगळं बांधून सांगाडा उभा केला आणि रंग डोळ्यांत खुपायला लागले. ‘मागच्या’ फाट्यांचा निळा रंग मांडीच्या पुढच्या बाजूला! गुडघ्याखालीही निळी बाहेरून वळून नडगीच्या पुढच्या स्नायूंकडे जाणार. आणि ‘पुढचा’ पिवळा मांडीच्या आत आणि मागे, पुढे पोटरीत आणि तळव्यात. मी तासभर चिठ्ठ्या तपासत बसले, रंग उलटे ओवले की काय म्हणून.

रंग बरोबरच होते, पाय फिरलेला होता. गर्भात हातापायांचे अंकुर बाजूला फुटतात, तेव्हा हाताचा आणि पायाचा अंगठा दोन्ही डोक्याच्या दिशेला असतात, तळहात आणि तळवे पोटाकडे. पुढे हात बाहेरच्या बाजूला वळतो, पाय आतल्या बाजूला, साधारण ९० अंशांनी. म्हणून कोपर मागे आणि गुडघा पुढे. पायाची मूळची पाठ पुढे आली आणि निळा दोरा तिच्याबरोबर आला. त्वचेवरचे पट्टेही (एकेका मुळीला जिथली जाणीव कळते तो भाग) म्हणूनच सरळ उतरत नाहीत. एल४ चा पट्टा मांडीच्या बाहेरून गुडघ्यावरून तिरका येत नडगीच्या आतल्या बाजूला जातो. ओला टॉवेल पिळावा तसं.

मांडीच्या मागे पिवळ्या टाक्यांच्या रांगेत एकच निळा टाका आहे, बायसेप्स फिमोरिस या मांडीमागच्या स्नायूच्या आखूड डोक्याचा, म्हणजे त्याच्या दोन भागांपैकी आखूड भागाचा. लांब डोकं पिवळं, आखूड निळं, स्नायू एकच. संपूर्ण मॉडेलमधली माझी सगळ्यात आवडती जागा ही.

प्युडेंडल या जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसेने रडवलं. एस२ ते एस४ मधून निघालेली ही नस वरच्या मोठ्या खिडकीतून कटीबाहेर पडते, सायटिक स्पाइन या काट्याजवळ वळसा घेते आणि खालच्या लहान खिडकीतून पुन्हा आत शिरते. प्लॅस्टिकच्या सांगाड्यात खिडक्या नसतातच, नुसत्या खाचा असतात. खिडकी करतात ते लिगामेंट, आणि ते कोणी विकताना देत नाही. शेवटी सुती नाडीचे दोन तुकडे चिकटवले. एक त्रिकास्थीपासून काट्यापर्यंत, दुसरा त्रिकास्थीपासून बसायच्या हाडापर्यंत. दोन नाड्यांच्या मधून सुई सरकवली तेव्हा कुठे तो वळसा हातांना पटला.

गुडघ्याखाली फक्त निळीची सुरुवात केलीय. फिब्युला या नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेवर तिला वळवताना लक्षात आलं की दोरा थेट हाडावर बसतो, मधे स्पंज ठेवायला जागाच नाही. पायावर पाय टाकून बसलं की इथेच दाब येतो आणि पाऊल मुंग्यांनी भरतं. तिथला दोरा गुळगुळीत प्लॅस्टिकवरून सतत घसरतोय. मेणाचा ठिपका लावून पाहिला, दुसऱ्या दिवशी सुटला. हाडाला खाच पाडायला मन होत नाही, कुणी दुसरी युक्ती केली असेल तर सांगा.

पिवळी आतल्या घोट्यामागून तळव्यात जायची बाकी आहे. या सांगाड्याचं पाऊल एकसंध ओतलेलं आहे, त्यामुळे तूर्तास पाच पिवळे दोरे टाचेमागे क्लिपला अडकवून ठेवलेत.