खोलीचा पंचम

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याच्या खोलीवर मी ताबा मिळवला. ११ फूट लांब, १० फूट रुंद, छत साडेनऊ फुटांवर. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एक अख्खी खोली नुसतं गाणं ऐकायला मिळणं म्हणजे चैनच. मी तिला म्युझिक रूम म्हणतो. बायको अजून 'इस्त्रीच्या कपाटाची खोली' म्हणते.

जुने स्पीकर शेल्फवर मावणारे होते. बिचाऱ्यांनी १५ वर्षं इमानाने सेवा केली. पण निवृत्तीचे पैसे हातात आले आणि नको ती बुद्धी सुचली. नवे घेतले ते जमिनीवर उभे राहणारे, कमरेच्या वर येणारे, प्रत्येकाला खालचे सूर घुमवणारे दोन-दोन वूफर. दुकानात तंबोरा ऐकून अंगावर काटा आला होता. दुकानदाराने विचारलंही, "काका, खोली केवढी आहे?" मी म्हणालो, "आहे की बरीच." किंमत इथे लिहीत नाही, कारण घरात माझे लेख वाचले जातात.

घरी पहिला राग भीमपलास लावला. तंबोऱ्याची पहिली तार छेडली गेली, की कुणीतरी रिकामं पिंप फरशीवरून ढकलत नेतंय असं वाटायचं. चारातली ती एकच तार! बाकीच्या तिघी शहाण्यासारख्या वाजत होत्या. स्वयंपाकघरातून विचारणा झाली, "अहो, मशीन तुम्ही लावलंत का?"

मग वायरी बदलल्या. स्पीकरखाली ग्रॅनाइटच्या लाद्या सरकवल्या. मागच्या भिंतीवर आईच्या हातची गोधडी टांगली. तिने जवारीची, म्हणजे तारेच्या झंकाराची, वरची झळाळी तेवढी खाल्ली, पिंप जागच्या जागी. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "काका, शंभरेक तास वाजू द्या, मोकळे होतील." मी वाजवले. शेजारी मोकळे झाले नसावेत, कारण लिफ्टमध्ये बोलेनासे झाले.

एका रात्री मालकंस लावला, आणि पिंप गायब! दुसऱ्या दिवशी मारवा लावला, तोही स्वच्छ. खूश होऊन भूप लावला, तर पिंप परत हजर. मालकंस आणि मारवा, दोघांतही पंचम, म्हणजे 'प', नाही. एरवी तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला लावतात. मालकंसात पहिली तार मध्यमाला लावतात, मारव्यात निषादाला. म्हणजे भांडण पंचमाशी होतं.

मोबाइलमधला तंबोरा स्पीकरला जोडला. 'सा' पेटीच्या पहिल्या काळी पट्टीचा, म्हणजे काळी एक लावली: पंचमाची तार घुमली. पांढरी एक केली: घुमणं बरंच ओसरलं. गायिकांची काळी चार लावली, तर आता खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, तार घुमायला लागली. आणि काळी चारचा खर्ज म्हणजे काळी एकचा मंद्र, खालच्या सप्तकातला, पंचमच की! सूर एकच, १०४ हर्ट्झला चिकटलेला.

पुढचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा. पुण्याच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर धावतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ११ फूट अंतर असलं, की त्यांच्यामध्ये ५२ हर्ट्झची लाट ठाण मांडते, आणि तिची दुप्पटही, म्हणजे १०४. बिल्डरने माझी खोली नकळत काळी एकच्या पंचमात जुळवून दिली होती! एरवी भिंतीत सरळ खिळा न जाणाऱ्या या इमारतीत एवढं सुरेल काम दुसरं झालेलं नाही. १०४ हर्ट्झची लाट ११ फूट लांब असते, दोन इंची गोधडीला ती काय जुमानणार? सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपाला भिंतीच कापडाच्या, खर्ज आपला निघून जातो. इथे त्याला जायला जागाच नाही. जुन्या स्पीकरांचा दम त्या सुरापर्यंत उतरता उतरताच संपायचा, म्हणून दुखणं झाकलेलं राहिलं होतं.

बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसवायला एलएस३/५ए नावाचा स्पीकर केला. पेटीतली जागा जेमतेम ५ लिटर, म्हणजे तेलाच्या डब्याएवढी. खोल खर्जाचा नाद त्यांनी सोडूनच दिला आणि माणसाचा आवाज तेवढा खरा उतरवला. लोक अजून तो शोधत फिरतात. गाडीत बसणाऱ्यांना हे कळलं होतं, आणि मला दहा बाय अकरात दोन-दोन वूफर हवे होते.

पण आता परत कोण घेणार? सुटका मोजपट्टीच्या टेपने झाली. ती दुप्पट लाट दोन्ही भिंतींशी आणि मधोमध जोरात असते, पाव अंतरावर मात्र जवळपास शांत. माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती. डोकं भिंतीपासून पावणेतीन फुटांवर येईल अशी ती पुढे ओढली. भूप लावला. चारही तारा सारख्या, मध्ये गाणारा. मी फरशीवर खडूने खुणा केल्या.

खुर्ची आता बरोबर कपाटाच्या दारात येते. दिवसातून दोनदा "अहो, उठा जरा" होतं. परवा लग्नाला जायचं होतं, तिने मला उठवलं, कपाट उघडलं, चार साड्या बाहेर काढल्या आणि कुठली नेसावी ते ठरेना म्हणून क्षणभर खुर्चीत टेकली. विलंबित चालू होतं. ते संपून द्रुत सुरू झालं तरी साड्या तिच्या मांडीवरच होत्या. मी मागे भिंतीला टेकून पिंप ऐकत होतो.