प्रेशर रेशो जुळला, पण आत काय चाललंय ते कुणी मोजलं?

सीएफडीवाल्यांच्या (म्हणजे हवेचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवणाऱ्यांच्या) ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी सेंट्रिफ्युगल कंप्रेसरचा (इंपेलर नावाच्या फिरत्या चाकाने हवा बाहेर फेकून दाबणाऱ्या मशीनचा) ग्राफ टाकतं, टेस्टचे ठिपके आणि त्यांच्यावरून अगदी मस्त गेलेली सिम्युलेशनची रेघ, खाली मोठ्या अक्षरात 'व्हॅलिडेटेड'. मला मात्र यात फार काही सिद्ध झालंय असं वाटत नाही, आणि का ते जरा सविस्तर लिहितो.

प्रेशर रेशो (आउटलेटचं प्रेशर भागिले इनलेटचं) यांसारखे इनलेट आणि आउटलेटचे आकडे दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं तरी जुळतात. समजा ब्लेडचं टोक आणि केसिंग यांच्यामधली फट, म्हणजे टिप क्लिअरन्स, तुम्ही सरळ ड्रॉइंगवरून घेतली. प्रत्यक्षात मशीन फुल स्पीडला आलं की इंपेलर ताणला जातो, गरम होऊन फुगतो, केसिंगही तापतं, आणि ती फट बऱ्याचदा कमी होते. म्हणजे मॉडेलमध्ये गळती जास्त, लॉस (वाया जाणारी ऊर्जा) जास्त. आता टर्ब्युलन्स मॉडेलने (हवेच्या खळबळीचा अंदाज देणाऱ्या समीकरणांनी) दुसरीकडे कुठेतरी लॉस कमी दाखवला की बेरीज बरोबर येते! आतला फ्लो मात्र दोन्हीकडे चुकलेला असतो, आणि पुढे त्याच मॉडेलवर आपण ब्लेडचा आकार बदलायला बसतो.

म्हणून आत डोकावून केलेली टेस्टिंग मला इतकी मोलाची वाटते. १९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीत एकार्टने ४०० मिमी व्यासाच्या, मिनिटाला १४,००० फेरे घेणाऱ्या इंपेलरच्या आत लेझरने वेग मोजला, आणि केसिंगच्या बाजूला, ब्लेडच्या सक्शन साइडकडे (कमी प्रेशरच्या बाजूकडे) हवा मंदावून साचते हे आकड्यांत दिसलं. फिरत्या इंपेलरच्या आतला इतका तपशील त्याआधी फारसा हातात नव्हता, त्यामुळे तो डेटा पुढे कितीतरी जणांनी आपले कोड तपासायला वापरला.

पण माझा सगळ्यात आवडता रिग (टेस्टसाठी बांधलेलं मशीन) म्हणजे क्लीव्हलँडला नासाच्या तेव्हाच्या लुईस सेंटरमधला लो स्पीड सेंट्रिफ्युगल कंप्रेसर. इंपेलरचा बाहेरचा व्यास १.५२४ मीटर, २० ब्लेड, ५५ अंश बॅकस्वीप (ब्लेडचं टोक फिरण्याच्या उलट दिशेला कललेलं), मिनिटाला फक्त १८६२ फेरे, सेकंदाला ३० किलो हवा आणि प्रेशर रेशो १.१४. एवढं अवाढव्य मशीन बांधून हवेचं प्रेशर जेमतेम १४ टक्के वाढवायचं हे कारखान्याच्या हिशोबात बसणारच नाही, पण हे मशीन मोजण्यासाठीच बांधलेलं. बाहेर पडताना ब्लेडची उंची १४ सेंटिमीटरच्या आसपास, टिप क्लिअरन्स २.५४ मिमी, म्हणजे भिंतीलगतच्या मंद हवेचा जो थर छोट्या इंपेलरमध्ये केसाएवढा असतो तो इथे मोजता येण्याइतका जाड होतो. केसिंगला काचेची खिडकी, हवेत साधारण मायक्रॉनभर आकाराचे पॉलिस्टायरिनचे गोळे सोडलेले, आणि कवडशात धूलिकण चमकावेत तसे ते लेझरमध्ये चमकतात, त्यावरून वेग काढायचा.

हॅथवे आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मोजमाप आणि कॉम्प्युटेशन एकाच पेपरात शेजारी-शेजारी ठेवलं. ब्लेडच्या पृष्ठभागावरची मंद हवा वर टोकाकडे सरकते, तिथे क्लिअरन्समधून घुसणाऱ्या झोतात सापडते आणि केसिंगजवळ जमा होते, ही सगळी वाट त्यात दिसते. ती फट मॉडेलमध्ये धडपणे घेतली नाही तर हे चित्र येणारच कसं?

आता या रिगची दुसरी बाजू पण सांगायला हवी. १.१४ प्रेशर रेशोला तापमान वाढतं जेमतेम १२ अंश. एफिशियन्सी तापमानावरून काढणार असाल तर अर्ध्या अंशाची गडबड म्हणजे एफिशियन्सीत ४ टक्क्यांची गडबड, संपला विषय. हाच हिशोब ४ प्रेशर रेशोला केला तर वाढ दीडशे अंशांच्या वर जाते आणि तोच अर्धा अंश पाव-अर्ध्या टक्क्यावर येतो, पण मग केसिंगमधून, बेअरिंगमधून उष्णता इकडेतिकडे जायला लागते आणि तुमचं अ‍ॅडियाबॅटिक गृहीतक (उष्णता आत-बाहेर जात नाही हे) डळमळतं. टर्बोचार्जरवाल्यांना हे चांगलंच माहीत आहे, शेजारी धगधगणारा टर्बाइन असतो त्यांच्या. शिवाय हळू फिरणाऱ्या मशीनमध्ये शॉक (हवा आवाजापेक्षा वेगात गेल्यावर प्रेशरची येणारी एकदम उडी) नसतात, कंप्रेसिबिलिटी (हवेची घनता बदलणं) नावापुरती, त्यामुळे या गोष्टी तपासायला नासाचाच सीसी३ नावाचा कंप्रेसर घ्यावा, ४ प्रेशर रेशो, २१,७८९ आरपीएम, १५ पूर्ण ब्लेड आणि १५ स्प्लिटर (मधले आखूड ब्लेड). एका रिगवर सगळं तपासून होत नाही, दोन्ही लागतात.

लेझर, खिडक्या हे सगळ्यांना परवडणारं नाही हे मान्य. पण टेस्ट सिम्युलेशनसाठी करणार असाल तर निदान चालू मशीनमधला क्लिअरन्स मोजा, तयार झालेल्या इंपेलरचं स्कॅन द्या, इनलेटला हवा कशी येते त्याचं प्रोफाइल द्या, आणि केसिंगवर इनलेटपासून इंपेलरच्या टोकापर्यंत ओळीने स्टॅटिक प्रेशरचे टॅप (प्रेशर मोजायची बारीक भोकं) पाडा. टॅपचा खर्च लेझरच्या मानाने काहीच नाही, तरी कितीतरी रिपोर्टांत ते नसतात. त्या ओळीवरून प्रेशर नेमकं कुठे चढतंय हे दिसतं, आणि शेवटचा आकडा बरोबर येऊनही मधली रेघ भलतीकडेच गेलेली असेल तर ती तिथेच पकडता येते.