चिकूचा गुडघा

आमची कुत्री चिकू बसताना मागचा उजवा पाय बाजूला टाकून बसायला लागली तेव्हा आम्हाला ते गोड वाटायचं, मी तर फोटोपण काढले होते. गुडघा पूर्ण दुमडला की दुखतं म्हणून ती तशी बसायची, हे कळायला पुढे दोन महिने गेले. सात वर्षांची लॅब्रेडोर, वजन ३८ किलो. पहिल्या डॉक्टरांनी पाय मुरगळलाय म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, लंगडणं थांबलं, गोळ्या संपल्या की परत सुरू, असं दोनदा झालं आणि मग तर उभी असताना नुसती बोटं टेकवायची, वजन टाकायचीच नाही.

शेवटी हाडांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला थोडी गुंगी दिली, एका हातात मांडीचं हाड धरलं, दुसऱ्यात नडगी, आणि नडगी चक्क पुढे सरकवून दाखवली. टेबलाचा ड्रॉवर ओढावा तशी, म्हणून नावच ड्रॉवर टेस्ट. गुडघ्यातलं क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांना धरून ठेवणारा पट्टा, तुटलेलं. माझ्या पोटात गोळाच आला.

मग रात्र रात्र वाचत बसले. फुटबॉल खेळताना माणसाचं तुटतं तेच हे लिगामेंट, पण माणसाचं एका झटक्यात जातं आणि कुत्र्यांचं बहुतेक वेळा महिनोन्‌महिने झिजत जातं, दोरीचा एकेक पीळ सुटत जावा तसं. त्यात कुत्र्याच्या नडगीचं वरचं टोक मागे उतरतं असतं, साधारण २५ अंशांच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक पावलाला नडगी पुढे सटकायला बघते आणि तो सगळा ताण ह्या एका लिगामेंटवर. आधीच्या ऑपरेशनांमध्ये तुटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरं काहीतरी बसवायचे, किंवा सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉन बांधायचे. ते अजूनही करतात, लहान कुत्र्यांना चालतंही. पण अमेरिकेत ओरेगॉनमधले बार्कले स्लोकम ह्यांनी वेगळाच विचार केला, की लिगामेंटच्या मागे न लागता तो उतारच कमी करूया. हाडाला वरच्या बाजूला गोल काप द्यायचा, वरचा तुकडा फिरवून उतार ५-६ अंशांवर आणायचा आणि प्लेट-स्क्रूने पक्का करायचा. १९९३ मध्ये त्यांनी हे छापलं, टीपीएलओ म्हणतात ते हेच. मला हे वाचून खरंच भारी वाटलं, केवढा साधा विचार आहे हा!

पण माझा प्रश्न होता की हाड कापण्याइतका फरक पडतो का. २०१३ सालचा एक अभ्यास सापडला, ८० कुत्री, कोणाला नायलॉन आणि कोणाला टीपीएलओ हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं, आणि नंतर कुत्र्यांना जमिनीत बसवलेल्या प्लेटवरून चालवून पाय किती वजन घेतो ते मोजलेलं. वर्षभराने टीपीएलओवाल्यांचे पाय जास्त वजन घेत होते, आणि त्यांच्या ९३ टक्के मालकांनी दहापैकी नऊ किंवा जास्त मार्क दिले, नायलॉनवाल्यांच्या ७५ टक्के.

त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास मात्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. वजन जास्त असलेली ४० कुत्री, सगळ्यांचं वजन उतरवलं, फिजिओ दिली, औषधं दिली, ऑपरेशन फक्त काहींचं केलं. ऑपरेशनवाली पुढे राहिलीच, पण ऑपरेशन न केलेल्यांपैकीही वर्षभरात साधारण दोन तृतीयांश चांगली झाली. आई म्हणाली, "म्हणजे चिकूला माझी तुपाची पोळी बंद का?" हो आई, बंद.

आम्ही टीपीएलओच केलं. खरा कस नंतर लागतो, आठ आठवडे पळणं नाही, सोफ्यावर उडी नाही, जिने नाहीत, शू करायलासुद्धा पट्ट्यानेच न्यायचं. एकदा लिफ्ट बंद पडली तर मी आणि भावाने चादरीच्या झोळीतून तिला चार मजले वर आणलं. आठव्या आठवड्याच्या एक्सरेत हाड नीट जुळलेलं दिसलं, डॉक्टर हसले, मी तिथेच रडले.

आता वजन ३३ आहे. पण एका पायाचं लिगामेंट गेलं की जवळपास निम्म्या कुत्र्यांचं दुसऱ्याही पायाचं जातं, म्हणून रोज रात्री ती झोपली की मी तिचा डावा गुडघा आतल्या बाजूने चाचपून बघते, लिगामेंट सैल व्हायला लागलं की तिथे हाताला जाडसर लागायला लागतं. आजपर्यंत तरी नाही लागलेलं.