तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्नीला दशम्या कशाला?

दिवाळी सरली की कुणाचा तरी फोन येतोच. "आमचं ऑरलँडोचं ठरतंय, तुझा तो जेवणाचा तक्ता पाठव ना." तक्ता पाठवला की दोन दिवसांनी दुसरा फोन. "एवढे पैसे मोजून डिस्नी वर्ल्डला जायचं आणि तिथे दशम्या खायच्या? कशाला गं?" नणंदेने विचारलंय, मंडळाच्या पिकनिकला विचारलंय, शेजारणीने विचारलंय. गेल्या महिन्यात माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने विचारलं. दर वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. पैसे वाचतात, किंवा आईला तिथलं चालत नाही. खोटं दोन्ही नाही, पण खरं कारण त्यात नाही. आज सांगते.

त्याआधी काही गैरसमज दूर करते, कारण त्यांचा मला खरोखर त्रास होतो.

आम्ही चोरून काही नेत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत बाहेरचं खाणं दारातच काढून घेतात, म्हणून तुम्हाला तसं वाटतं. डिस्नी वर्ल्डच्या चारही पार्कांत घरचं खाणं नेता येतं. काचेची बरणी नको, सुटा बर्फ नको, दारू नको आणि तिथे गरम करावं लागेल असं काही नको, एवढंच. सुट्या बर्फाऐवजी गोठवलेले आइस पॅक चालतात. पिशवी तपासणारा माणूस डबा उघडतो, बघतो आणि "हॅव अ मॅजिकल डे" म्हणून पुढे सोडतो. चटणीकडे आजवर कुणी वाकड्या नजरेने पाहिलेलं नाही. पाण्याच्या बाटल्यांचं ओझं तर नेऊच नका, काउंटरवरच्या खाण्याच्या ठिकाणी बर्फाचं पाणी फुकट देतात.

मला तिथलं जेवण आवडत नाही असंही तुम्ही ठरवून टाकलंय. तेही चूक. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्याच हॉटेलात 'सना' नावाचं रेस्टॉरंट आहे. आफ्रिकी आणि भारतीय चवींचं. तिथे नान आणि बरोबर नऊ तऱ्हेच्या चटण्या, लोणची, रायती येतात, आणि काचेपलीकडे जिराफ चरत असतात. बाबांनी तिथे एक एक वाटी चाखून आईला सांगितलं होतं, "ही आपल्या कैरीच्या तक्कूसारखी, ही नाही." आईने आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात दुसरी पोळी मागवली (ती नानला पोळीच म्हणते). त्या जेवणासाठी मी ६० दिवस आधी पहाटे सहाच्या आत उठून बुकिंग केलं होतं आणि पुन्हा करेन. एपकॉट या पार्कात तलावाभोवती अकरा देशांचे मांडव आहेत, त्यांत भारत नाही हे बाबांच्या पहिल्या फेरीतच लक्षात आलं. तरी नॉर्वेपासून मोरोक्कोपर्यंत त्यांनी सगळीकडे काही ना काही तोंडात टाकलं. नव्या चवीला आमच्या घरात कुणी घाबरत नाही.

आता जुलै २०२३. आईबाबा साताऱ्याहून न्यू जर्सीला आमच्याकडे आले होते आणि आम्ही सहा जण ऑरलँडोला गेलो. डिस्नीपासून वीस मिनिटांवर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं होतं. पार्कांतली सगळी जेवणं मी आधीच ठरवून ठेवली होती. त्या वेळचा तक्ता आत्ताच्यापेक्षा कडक होता. कुठल्या दिवशी कुठलं पार्क, किती वाजता कुठे बसून जेवायचं, आईसाठी बिनअंड्याचं काय मिळेल, सगळं होतं. मधे संकष्टी येत होती, तर चंद्रोदयाची वेळसुद्धा घातली होती. आईने मात्र येताना कणीक, गूळ, दाण्याची चटणी असं सगळं आणलं होतं. पहिल्याच रात्री तिने त्या परक्या ओट्यावर दूध कोमट केलं आणि कणीक भिजवली. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, "उद्याला दशम्या. असू देत बरोबर."

मी नको म्हटलं. तेवढ्यावर थांबले नाही. मी म्हटलं, "आई, तिथे कुणी फॉइल सोडून दशम्या खात बसत नाही. एस. टी. स्टँड आहे का ते?" हे वाक्य मी बोलले. नवरा ऐकत होता, मुलं ऐकत होती. आई काही बोलली नाही. तिने दशम्या केल्या, फॉइलमध्ये गुंडाळल्या आणि माझ्यादेखत फ्रीजमध्ये ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मॅजिक किंगडम, चार पार्कांपैकी एक. सव्वाबाराचं बुकिंग होतं. बाबांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. बाराला दहा कमी असताना आम्ही पार्काच्या टुमॉरोलँड या भागात होतो आणि जेवायची जागा मेन स्ट्रीट या मुख्य रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होती. मी मनात हिशेब केला. दहा मिनिटं चालणं, पाच मिनिटं टेबल मिळायला. बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्ही घेऊन टाका इंजेक्शन, पोहोचेपर्यंत वेळ होईलच." ते म्हणाले, "ताट समोर येऊ दे की." मी म्हटलं, "अहो, बुकिंग आहे, वेळेवरच मिळतं." त्यांनी ऐकलं. माझ्या वडिलांनी माझं ऐकलं म्हणून पुढचं झालं.

इंजेक्शन झाल्यावर मुलाला समोरची राइड दिसली. पाटीवर पंधरा मिनिटं लिहिलेली. मी हो म्हटलं, सव्वाबाराला पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतात म्हणून. तो आणि त्याचे बाबा बाहेर येईपर्यंत बारा वीस झाले. आम्ही घाईघाईने मेन स्ट्रीटकडे आलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोर लागलेले आणि माणसांच्या पाच-पाच ओळी. बाराची परेड. तिची वेळ माझ्या तक्त्यात होती. वेगळ्या रकान्यात, 'मुलांना दाखवायचं' या शीर्षकाखाली. जेवणाच्या रकान्याशी तिचा संबंध आहे हे मला सुचलंच नव्हतं. रस्ता ओलांडता येईना. चूक तिथल्या कुणाचीच नव्हती.

ऊन असं की डांबराची वाफ तोंडावर येत होती. बाबा दिव्याच्या खांबाला टेकून उभे होते. मी फोनवर रेस्टॉरंटला उशीर होतोय हे कळवायच्या खटपटीत होते, कारण न गेलं तर माणशी दहा डॉलर कापले जातात. आईने माझा दंड धरला. बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. घाम सगळ्यांनाच आला होता, पण त्यांचा घाम गार होता. मी "बाबा, काय होतंय?" विचारलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, गाडी लागली का गं?"

अक्का म्हणजे माझी आत्या. ती जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

मला काय करायचं ते माहीत होतं. साखर खाली गेली तर लगेच चढणारं काहीतरी द्यायचं, पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. हे मी वाचलेलं, इतरांना सांगितलेलं. पण माझ्या पिशवीत सनस्क्रीन होतं, रेनकोट होते, चार्जर होता. खायची एक वस्तू नव्हती. मी ठरवूनच नव्हती आणली. आईने पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून डबी काढली आणि बाबांच्या तोंडात खडीसाखर घातली. देवीच्या प्रसादाची, ती कायम तिच्याजवळ असते. "चावा. चावा हो," असं ती म्हणत होती, लहान मुलाला म्हणावं तशी. बाबागाडी घेऊन उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईने न विचारता आपल्या मुलाचा सफरचंदाच्या रसाचा डबा फोडून पुढे केला. तिचं नाव विचारायचं राहिलं. परेडचं संगीत चालूच होतं.

क्रिस्टल पॅलेस या रेस्टॉरंटच्या बाजूला फर्स्ट एड सेंटर आहे, परेड सरकल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांनी बाबांना चाकाच्या खुर्चीतून तिकडे नेलं. नर्सने बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ५४. म्हणजे खडीसाखर आणि रस पोटात गेल्यानंतरचे ५४. तिने आणखी रस दिला, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, ८१ आले. मग ती म्हणाली, आता यांना खरं काहीतरी खायला द्या, पोळी-ब्रेडसारखं, नाहीतर पुन्हा खाली जाईल. तेव्हा आईने पर्सच्या तळातून फॉइलची पुरचुंडी काढली. दोन दशम्या. रात्री माझ्यादेखत फ्रीजमध्ये ठेवलेल्यांपैकी दोन तिने सकाळी गुपचूप उचलल्या होत्या.

आता जे लिहितेय ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ती पुरचुंडी पाहून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते "बरं झालं" नव्हतं. मनात आलं, हिने माझं ऐकलं नाही. क्षणभरच, पण आलं. बाबा कॉटवर बसून दशमीचा घास चावत होते, आई तळहातावर तुकडे करून देत होती आणि मी रागावलेली होते. नर्सने विचारलं, हे काय आहे, छान वास येतोय. आईला इंग्रजी फारसं येत नाही, ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी "ब्रेड" म्हटलं.

तर, म्हणून दशम्या.

पण इथे तुम्ही जे म्हणता तेही मला कळतं, आणि ते मला छळतं. नणंद म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी बाबांना खडीसाखरेने आणि रसाने वाचवलं. ग्लुकोजच्या गोळ्या खिशात ठेवल्या तरी भागतं. आणि इंजेक्शन ताट समोर आल्यावरच घ्यायचं. दशमीचा काय संबंध?" बरोबर आहे. साताऱ्याच्या डॉक्टरांनीही बाबांना तेच सांगितलं, ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. आमच्या तक्त्यात तो नियम आता सगळ्यात वर आहे. काउंटरवरच्या जेवणाची ऑर्डर फोनवरून आधी देता येते, रांगेत उभं राहावं लागत नाही. खरं तर सगळं सोपं झालंय. शिवाय बाबा आता विमानाने येत नाहीत, गुडघ्यांमुळे. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही चौघेच गेलो. चौघांपैकी कुणालाही मधुमेह नाही. तरी मी आदल्या रात्री पहाटेपर्यंत चोवीस दशम्या केल्या.

तेव्हाच मुलगा म्हणाला, "आई, मला डिस्नी म्हटलं की चटणीचा वास आठवतो." तक्रारीच्या सुरात नाही, सहज म्हणाला. मला मात्र ते लागलं. मित्रांना मिकीच्या आकाराचं प्रेट्झेल आठवतं, टर्कीची भलीमोठी तंगडी आठवते. त्याला आम्ही सावली शोधून बाकावर बसलेलो आठवतो, कारण माझ्या तक्त्यात साडेअकरा लिहिलेले असतात. त्याला प्रेट्झेल मिळत नाही असं नाही, मिळतं. पण आधी दशमी. गेल्या वेळी धाकटीने दशमी संपवली आणि प्रेट्झेल नको म्हणाली, पोट भरलं म्हणून, तेव्हा मी तिच्याकडे बघत बसले.

२०२३ च्या त्या रात्रीची मी मला चुकीची वाटते का? विचार केला की उत्तर दर वेळी वेगळं येतं. एस. टी. स्टँडचं वाक्य बोलायला नको होतं, त्याबद्दल वाद नाही. आईची मी माफी मागितली, ती म्हणाली, "कशाबद्दल?" आणि विषय बदलला. पण ज्या बाईला वाटलं होतं की आईबाबांनी एकदा तरी डबा न बांधता, कुणीतरी वाढलेल्या टेबलावर ऐटीत बसून जेवावं, तिला मी पूर्ण चूक म्हणू शकत नाही. आई आयुष्यभर प्रवासात दुसऱ्यांना वाढत आली. मला तिला त्यातून सोडवायचं होतं. आणि आता रात्री तेच मी करते, माझ्या मुलांना नको असताना.

नणंद म्हणते, हे भीतीपोटी आहे. असेल. मुलगा म्हणतो, यंदा एक दिवस डब्याशिवाय जाऊया. मी हो म्हटलंय. गुरुवारचा रकाना मोकळा ठेवलाय. अजून तरी मोकळा आहे.

शेवटचा प्रश्न, जो खरं तर तुम्ही सगळ्यात जास्त वेळा विचारता. किती करायच्या आणि टिकतात किती? माणशी दिवसाला दोन धरा. कणीक दुधातच भिजवायची, पाण्याचा थेंब नको, म्हणूनच त्या टिकतात. मोहन सढळ हाताने घाला. गुळाच्या करायच्या असतील तर गूळ कोमट दुधात विरघळवा, कढत दुधात घातला तर दूध फाटतं. भाजून पूर्ण गार झाल्याशिवाय फॉइलमध्ये गुंडाळू नका, वाफेने ओल्या होतात. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. फ्लोरिडाच्या उन्हात मात्र आइस पॅकशेजारी ठेवा आणि दुपारच्या आत संपवा. खडीसाखर त्यांच्याबरोबर ठेवू नका. ती वेगळ्या डबीत, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, न बघता हात जाईल अशा जागी.