भाड्याने दिलेला फ्लॅट विकताना करात काय वाचतं, काय अडकतं

भाड्यावरच्या कराचं गणित सोपं आहे. वर्षभराच्या भाड्यातून त्या वर्षात तुम्ही स्वतः भरलेली घरपट्टी वजा करायची, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के आणि मग गृहकर्जाचं व्याज. सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, प्लंबर हे सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं, वेगळं काही मिळत नाही. नव्या करप्रणालीत व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं, तरी तो तोटा पगारातून वजा होत नाही.

खरे पैसे विक्रीत आहेत. २४ महिन्यांच्या आत विकलात तर नफ्यावर तुमच्या स्लॅबनुसार कर. त्यानंतर १२.५ टक्के, पण महागाई निर्देशांकाचा (म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याचा) फायदा नाही. फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असेल आणि तुम्ही निवासी (करासाठी भारतात राहणारे) असाल, तर जुन्या पद्धतीने (निर्देशांक लावून २० टक्के) जो कर निघेल त्यापेक्षा जास्त भरावा लागत नाही. म्हणून दोन्ही हिशेब मांडाच.

समजा, २०१२-१३ मध्ये मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून फ्लॅट ४० लाखांना पडला. २०२५-२६ मध्ये तो १ कोटीला गेला, दलाली १ लाख. साधा नफा ५९ लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी ७,३७,५०० रुपये. आता निर्देशांक लावून: २०१२-१३ चा २००, २०२५-२६ चा ३७६. म्हणजे खरेदी किंमत ७५.२० लाख, नफा २३.८० लाख, २० टक्क्यांनी ४,७६,००० रुपये. अडीच लाखांहून जास्त फरक! (दोन्हीवर ४ टक्के सेस वेगळा.) याच काळात भाव चौपट-पाचपट झालेल्या जागेत मात्र हाच हिशेब उलटा पडतो.

खरेदीखर्चात जे व्याज आधीच भाड्यातून वजा करून घेतलंय, ते पुन्हा धरता येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. किचन नवं केल्याचा खर्च धरायचा असेल तर बिल हवं, तोंडी आकडा चालत नाही.

रेडी रेकनरकडे (सरकारी दरपत्रकाकडे) दुर्लक्ष नको. त्यानुसार मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं मूल्य करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांच्या वर गेलं, की मुद्रांकाचं मूल्यच विक्री किंमत धरलं जातं. ‘थोडे रोख देतो’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा: २० हजार किंवा जास्त रोख घेतलेत, तर तेवढाच दंड बसू शकतो.

कर वाचवायला नफा दुसऱ्या घरात घालणार असाल तर विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, बांधकाम असेल तर तीन वर्षं. रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नाही, तर रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायची. साध्या एफडीत ठेवलेले पैसे यात धरत नाहीत आणि सवलत इथेच हुकते.

मालक परदेशात असेल तर २० टक्क्यांचा पर्याय नाही. शिवाय घेणाऱ्याने ५० लाख किंवा जास्तच्या व्यवहारातला नेहमीचा १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापून भागत नाही. अनिवासी विक्रेत्याचा दर बराच चढा असतो आणि तो बहुतेकदा पूर्ण किमतीवरच कापला जातो. कमी दराचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, पण त्याला वेळ लागतो. अर्ज करारनाम्याच्या आधीच टाका.