मिरजेला जाताना तंबोरा सोबत घ्या

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला वाद्यांचा विभाग पाहण्यासारखा आहेच, पण काचेमागचा तंबोरा मुका. त्याचे पोट आतून कसे असते, तो बोलतो कशामुळे, हे पाहायचे तर मिरजेची सतारमेकर गल्ली गाठावी. इथे तिकीट नाही की माहितीच्या पाट्या नाहीत. ओळीने लहान लहान कारखाने, आढ्याला टांगलेले भोपळे आणि दुरुस्तीला आलेली जुनी वाद्ये. घरात तंबोरा असेल तर सोबत न्यावा. मोकळ्या हाताने गेल्यास दुकान दिसते, वाद्य घेऊन गेल्यास काम दिसते.

मुंबई-पुण्याकडून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, पण ती पहाटेच मिरजेत उतरवते आणि कारखाने इतक्या लवकर उघडत नाहीत. तो वेळ मीरासाहेबांच्या दर्ग्याला द्यावा. उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच विसावले आहेत. 1937 साली पाँडिचेरीकडे जाताना वाटेत त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेला आणले गेले. किराणा घराण्याचा हा गवई वाद्यदुरुस्तीतही वाकबगार होता. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेला झणकार देणारी घोडीची (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिची) घासणी, तो स्वतः लावी. दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. उरूस हिजरी पंचांगाने असल्यामुळे तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हा गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून आरक्षण करू नये. त्या दिवसांत गाणे भरपूर ऐकायला मिळते, मात्र कारागिरांना बोलायला सवड नसते.

गल्लीतली बहुतेक घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात लढाया संपल्या, तलवारींचे काम आटले आणि फरीदसाहेबांसारखे कसबी हात वाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड असल्याने गवयांची ये-जा होतीच, त्यामुळे गिऱ्हाईक दारात होते. धंद्यावरून सतारमेकर हे आडनाव पडले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचे पोट म्हणजे भोपळा. तो खायचा नव्हे, कडू. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. काही महिने वाळल्यावर त्याचे तोंड कापतात, पाण्यात भिजवून मऊ करतात आणि आत काटक्यांचे आडवे टेकू देऊन हवा तो घेर येईपर्यंत ताणून सुकवतात. हे टेकू लावलेले भोपळे कोपऱ्यात दिसले तर जरूर हातात घेऊन पाहावेत (विचारून). एवढ्या मोठ्या भोपळ्याची भिंत किती पातळ असते हे तेव्हाच कळते. दांडी आणि तबलीला (भोपळ्याच्या तोंडावरची फळी) तुणीचे लाकूड. गळ्याचा सांधा नीट पाहावा. जुने वाद्य आधी तिथेच दगा देते.

खरे पाहण्यासारखे काम जवारीचे. तार घोडीवरून नुसती जात नाही, घोडीच्या किंचित बाकदार पाठीला घासत कंप पावते आणि त्यातून तो भरदार झणकार निघतो. वर्षानुवर्षे वाजवून तार घोडीत चर पाडते. मग आवाज एकतर बसतो, नाहीतर पत्रा वाजल्यासारखा फुटतो. कारागीर तारा उतरवतो, घोडीची पाठ कानशीने सारखी करतो, बारीक पॉलिशकागद फिरवतो, तारा चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो. हे फेरे चार-पाच वेळा सहज होतात. कानशीचा एक हात जास्त पडला तर बाक बिघडतो आणि मागे जाता येत नाही, घोडी पुन्हा पहिल्यापासून घासावी लागते. म्हणून घाई करायला लावू नये, आणि तो ऐकत असताना बोलू तर नयेच. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधतात. केसभर पुढेमागे झाला की स्वर मिटतो. कोणत्या पट्टीत गाता ते आधीच सांगावे: पेटीच्या काळी एकला जुळवलेली जवारी काळी चारला तशीच बोलेल असे नाही.

एक मुक्काम ठेवावाच. ताज्या तारा रात्रभर ओढ घेतात. संध्याकाळी सुरेख वाटलेला तंबोरा सकाळी उतरलेला असतो आणि धाग्याची जागाही थोडी बदलावी लागते. त्याच दिवशी परतणाऱ्यांचे काम म्हणूनच अर्धवट राहते. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी काम थांबते, तेवढा वेळ हिशेबात धरावा.

ने-आण करताना तारा दोन-तीन सुरांनी उतरवाव्यात, पण साफ सैल सोडू नयेत. तंबोऱ्याची घोडी चिकटवलेली नसते, ताराच तिला धरून ठेवतात. निघण्यापूर्वी तिच्या पायांभोवती पेन्सिलीने खूण करून ठेवली की सरकली तरी जागा सापडते. भोपळ्याखाली जाड घडी, आणि रेल्वेत वाद्य आपल्याच बर्थवर. सामानाच्या डब्यात दिलेला भोपळा तडकला तर जोडता येतो, पण सांधा दिसतो.

जुने वाद्य विकत घेण्याचा मोह होईल. हस्तिदंताचे नक्षीकाम किंवा सांबरशिंगाची घोडी असलेल्या वाद्याच्या वाटेला जाऊ नये, वन्यजीव कायदा आडवा येतो. आता घोडीला उंटाचे हाड, आबनूस किंवा फायबर वापरतात; नक्षी सेल्युलॉइडची. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा परदेशी राहणाऱ्यांनी नवेच घ्यावे. तेही तयार मालातून उचलण्यापेक्षा मागणी नोंदवून, लाकूड स्वतः पाहून. गाणाऱ्या पुरुषासाठी साधारण पाच फुटी, बाईसाठी चार-साडेचार फुटी. पैसे, मुदत आणि जवारी पुन्हा करून देण्याची बोली कागदावर लिहून घ्यावी.