तीस दिवसांचा हिशेब
आज दिवसभर घरखर्चाच्या पाहणीचे फॉर्म तपासत बसलो होतो. मधेच एक प्रश्न स्वतःलाच विचारला: गेल्या 30 दिवसांत किराण्यावर किती गेले? आठवड्याचं धड आठवलं, पुढे सगळं अंदाजपंचे! आणि अशाच उत्तरांवरून कोण गरीब ते ठरतं. मुदत 30 ऐवजी 7 दिवसांची केली की आकडा हलतो, घर तेच. जून 2025 मध्ये जागतिक बँकेने अतिगरिबीची रेषा दिवसाला 2.15 डॉलरवरून 3 डॉलरवर नेली (क्रयशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे त्या पैशात त्या त्या देशात किती विकत घेता येतं ते धरून), आणि कोट्यवधी लोक एका फटक्यात अतिगरिबांच्या यादीत आले. खिशात होतं तेवढंच. आकडे नकोत असं माझं म्हणणं नाही, पण योजनेच्या यादीतून लोकांची नावं कापणाऱ्याने एकदा हा फॉर्म स्वतः भरून बघावा. माझा 'इतर खर्च'चा रकाना अजून कोराच आहे.